गिटार घुंई घुंई का करते: पिकअप, वायरी आणि थोडं स्ट्रॅट-टेली पुराण

सोसायटीच्या गणपतीत आमच्या पोरांनी तीन गाणी बसवली होती, मी गिटारला. साऊंड चेकला सगळं मस्त. प्रत्यक्ष कार्यक्रमात लाईटवाल्याने मूड बनवायला म्हणून स्टेजवरचे पिवळे लाईट हळूहळू मंद केले आणि माझ्या अँपमधून असा आवाज सुरू झाला की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवले. लाईट पूर्ण बंद केले की आवाज बंद, फुल केले की कमी, आणि अर्ध्यावर आणले की परत घर्रर्र. साऊंडवाला माझ्याकडे बघतोय, मी गिटारकडे बघतोय, आणि निवेदन करणाऱ्या काकू माईकवर "थोडा तांत्रिक बिघाड" म्हणतायत. बिघाड कसला डोंबलाचा, गिटार तिचं काम चोख करत होती. हे मला नंतर कळलं, आणि तेच इथे लिहितोय, कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारतं की "गिटार हम मारते, पिकअप बदलू का?" आणि दर वेळी माझं उत्तर एकच असतं, थांब जरा, आधी कुठला हम, म्हणजे कुठली घुंई घुंई, ते बघू.

सुरुवात पिकअपपासून. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, म्हणजे कॉईल, बास. गिटारची स्टीलची तार चुंबकाच्या वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, क्षेत्र हललं की वेढ्यांमध्ये करंट तयार होतो, तो केबलमधून अँपला जातो. शाळेत फॅरेडेचा नियम शिकताना मास्तरांनी चुंबक कॉईलमध्ये आत-बाहेर करून गॅल्व्हनोमीटरचा काटा हलवून दाखवला असेल ना, तेच. फक्त इथे चुंबकाच्या जागी तार हलते, आणि जाड ई तार सेकंदाला साधारण ८२ वेळा हलते.

आता गोम अशी आहे की त्या वेढ्यांना कोणी सांगितलेलं नाही की बाबा फक्त तारेचंच ऐक. आजूबाजूला जिथे कुठे चुंबकीय क्षेत्र हलतंय ते सगळं पिकअप ऐकतो. आणि आपल्या घरात भिंतीतून, पंख्यातून, फ्रिजमधून, अँपच्या ट्रान्सफॉर्मरमधून ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे जातोय, म्हणजे त्याचं क्षेत्रही तेवढ्याच वेळा हलतंय. ते पिकअपने पकडलं की झाला हम. त्याच्या पटीतले १००, १५० वगैरे पण सोबत येतात. गंमत म्हणजे १०० हर्ट्झ हा जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) सुराच्या अगदी शेजारी आहे, तो 'जी' नावाचा सूर, ९८ हर्ट्झचा. म्हणजे भारतातला हम थोडा चढा जी लावतो! अमेरिकेत लाईट ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडचा हम वेगळ्या सुरात. रात्री सगळं बंद असताना नुसता अँप चालू ठेवून तिसऱ्या फ्रेटवर जी वाजवून बघा, हमशी किंचित भांडणारा, लाटा मारणारा आवाज येईल.

हे दुखणं नवीन नाही, इलेक्ट्रिक गिटारइतकंच जुनं आहे. १९३० च्या दशकात रिकनबॅकर कंपनीची ती तव्यासारखी दिसणारी गिटार आली, लोक तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणायचे, तिच्यातही एकच कॉईल. मग आला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ रिपेअर करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण डोकं असं की गिटार बिघडली तर स्क्रूड्रायव्हर घेऊन खोलता आली पाहिजे, मान खराब झाली तर चार स्क्रू काढून बदलता आली पाहिजे. १९५० मध्ये त्याने एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर काढल्या. ब्रॉडकास्टर नावावर ग्रेच कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांचे त्याच उच्चाराचे ड्रम बाजारात होते. मग फेंडरवाल्यांनी काय केलं तर छापलेल्या स्टिकरवरून नाव कात्रीने कापून टाकलं आणि तशाच गिटारी विकल्या. त्यांना आज 'नोकास्टर' म्हणतात आणि त्यांच्या किमती बघून चक्कर येते. १९५१ पासून नाव झालं टेलिकास्टर, म्हणजेच टेली. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट आली, तीन पिकअप, अंगाला टोचू नये म्हणून कोपरे घासलेली बॉडी आणि हलणारा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग). तिकडे गिब्सन कंपनीने १९५२ लाच लेस पॉल काढली होती, मॅहोगनीवर मेपलचं टोपण, चिकटवलेली मान, आणि पी-नाइन्टी नावाचे जाडजूड पिकअप. ते दिसायला मोठे, आवाजाला दणकट, पण आत कॉईल एकच, त्यामुळे तेही हम मारायचेच.

आता दुकानात किंवा ऑनलाइन बघितलं तर पन्नास प्रकारची नावं दिसतात. अमुक स्टँडर्ड, तमुक डीलक्स, क्लासिक, स्पेशल, आणि आपण त्या नावांमध्येच गरगरतो. माझं मत विचाराल तर आवाजाच्या दृष्टीने आधी एवढंच बघा की पिकअप कुठल्या जातीचे आणि किती. एसएसएस म्हणजे तिन्ही सिंगल कॉईल, एचएसएस म्हणजे ब्रिजला हमबकर (दोन कॉईलचा, हम घालवणारा पिकअप, त्याचं पुढे सांगतो) आणि बाकी दोन सिंगल, एचएच म्हणजे दोन हमबकर. मग पिकअप निवडायचा स्विच किती जागांचा आणि कुठला नॉब काय करतो. मग लाकूड, रंग, हार्डवेअर. लाकडावर लोक इतके भांडतात की मिसळ कुठली चांगली त्यावरही एवढं होत नसेल, मी त्यात पडत नाही. एव्हढं मात्र सांगतो की पिकअप आणि वायरिंगचा फरक डोळे बांधूनही कळतो.

तर हमबकर. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाचा इंजिनियर होता. त्याने विचार केला की हम घालवायचा तर पिकअपचे कान बंद करून चालणार नाही, तार पण ऐकू येणार नाही. मग त्याने एकाऐवजी दोन कॉईल शेजारी ठेवल्या आणि दुसरीमध्ये दोन गोष्टी उलट्या केल्या. चुंबकाचं टोक उलटं, आणि वेढ्यांची दिशाही उलटी.

हे नीट समजून घ्या, सगळी मजा इथेच आहे. तारेचा सिग्नल चुंबकावर अवलंबून असतो. दुसऱ्या कॉईलमध्ये चुंबक उलटा म्हणून सिग्नल एकदा उलटला, वेढे उलटे म्हणून परत उलटला, म्हणजे झाला सुलट. पहिल्या कॉईलच्या सिग्नलमध्ये तो मिळतो आणि आवाज मोठा होतो. पण भिंतीतून येणारा हम? त्याला पिकअपच्या चुंबकाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त वेढ्यांची दिशा बघतो. म्हणजे तो एकदाच उलटला. पहिल्या कॉईलमधला हम वर जात असेल तेव्हा दुसऱ्यातला खाली, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. इतकं साधं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं होतं, तिने कूस बदलली.

लव्हरने पेटंटचा अर्ज १९५५ ला केला, १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींमध्ये हे पिकअप बसायला लागले. पेटंट मिळेपर्यंत पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर असायचं, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. पेटंट १९५९ मध्ये मिळालं तरी स्टिकर काही वर्षं तेच राहिलं, आणि नंतर नंबर छापला तोही या पिकअपचा नाही, दुसऱ्याच एका पेटंटचा, टेलपीसचा! त्याच सुमाराला ग्रेचसाठी रे बट्सनेही हीच युक्ती काढली होती, फिल्टरट्रॉन नावाने.

मग सगळ्यांनी हमबकरच का नाही लावले? कारण फुकट काही मिळत नाही. दोन कॉईल एकामागोमाग जोडल्या की एकूण कॉईल मोठी होते, आणि तिच्या आवाजातला जो चमकदार उंचवटा असतो तो खाली सरकतो. शिवाय दोन कॉईल तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात, त्यामुळे काही बारीक वरचे सूर आपापसात खोडले जातात. आवाज जाड, गोल, गरम होतो. डिस्टॉर्शनला, म्हणजे रॉकच्या फाटलेल्या आवाजाला, झक्कास. पण स्ट्रॅटचा तो काचेवर नाणं पडल्यासारखा टणत्कार गेला म्हणून समजा. त्यामुळे माणसं सत्तर वर्षं हम सहन करतायत, शिव्या देतायत, आणि सिंगल कॉईलच वाजवतायत.

स्ट्रॅटवाल्यांना मात्र एक पळवाट सापडली. मूळ स्ट्रॅटचा स्विच तीनच जागांचा होता, पुढचा पिकअप, मधला, मागचा (ब्रिजजवळचा). वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकत्र लागतात आणि काहीतरी वेगळाच, जरा नाकातला, टपोरा आवाज येतो. लोक काड्या-बिड्या घालून स्विच मध्येच अडकवायचे. फेंडरला हे कळायला बराच काळ गेला, पाच जागांचा स्विच १९७७ ला आला. आणि पुढे मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा द्यायची पद्धत पडली, म्हणजे हमबकरचीच युक्ती, फक्त दोन कॉईल लांब लांब. त्यामुळे आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये दोन नंबर आणि चार नंबरला हम जातो, एक, तीन, पाचला येतो. तुमच्या गिटारला असं होत असेल तर घाबरू नका, बिघाड नाही, ती तशीच असते. परवा एकाने याच कारणासाठी नवी कोरी गिटार परत केली, मला आधी विचारलं असतं तर.

आता आत शिरू. पिकगार्डचे (गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढले की पहिल्यांदा वाटतं केवढं जंजाळ आहे, पण खरं तर आत असतंच काय, पिकअप, एक स्विच, दोन-तीन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), एक कपॅसिटर आणि जॅक. बॅटरी नाही, चिप नाही. घरातल्या डोअरबेलपेक्षा थोडंसंच अवघड. (ॲक्टिव्ह पिकअप सोडून, त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लागते, तो वेगळा संसार.)

व्हॉल्यूमचा पॉट सिंगल कॉईलला साधारण २५० के (किलो ओहम) चा लावतात आणि हमबकरला ५०० के चा. का? पॉट म्हणजे सिग्नलला जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला, जायची एक बारीक गळती समजा, पाण्याच्या टाकीला असते तशी. २५० के म्हणजे गळती जरा जास्त, आणि या गळतीतून आधी जातो तो ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण भाग. सिंगल कॉईल मुळातच तीक्ष्ण, तिला थोडी गळती चालते, उलट बरी असते. हमबकर आधीच जाड, त्याला २५० लावला तर गोधडीखालून वाजवल्यासारखा वाटतो. म्हणून एचएसएस गिटारमध्ये कंपन्यांची तारांबळ होते, एकाच पॉटवर दोघांना खूश ठेवायचं असतं.

टोनचा नॉब काय करतो तर पॉट आणि कपॅसिटर मिळून ट्रेबलला जमिनीत घालवतात, जेवढा नॉब खाली तेवढा जास्त. कपॅसिटर हमबकरला सहसा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, सिंगलला ०.०४७ चा. जुन्या काळचे, तेलात बुडवलेल्या कागदाचे कपॅसिटर लोक हजारो रुपयांना घेतात. व्हॅल्यू सारखी असेल तर मला तरी आजवर फरक ऐकू आलेला नाही, पाच रुपयांचाही तेच करतो. मारा मला.

वायरिंगच्या पद्धती म्हणून जे ऐकता, 'फिफ्टीज वायरिंग', 'मॉडर्न वायरिंग', त्यात फरक फक्त एका वायरीचा आहे. टोनचा सर्किट व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या पायाला जोडला की मॉडर्न, आणि बाहेर जाणाऱ्या, म्हणजे मधल्या पायाला जोडला की फिफ्टीज. परिणाम काय? मॉडर्नमध्ये व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की आवाज कमी होतोच पण मळकटही होतो, फिफ्टीजमध्ये तो तुलनेने स्वच्छ राहतो, फक्त मग व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांच्या पायात पाय घालतात. मळकट का होतो तर व्हॉल्यूम कमी केला की पॉटचा रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो, पुढे लांबलचक केबल असते आणि केबल स्वतःच एक छोटा कपॅसिटर असते, दोघं मिळून नकळत टोनचा नॉब बनतात. लांब, स्वस्त केबलने गिटार मंद वाटते ती याचमुळे. यावर दुसरा उपाय ट्रेबल ब्लीड, म्हणजे व्हॉल्यूम पॉटच्या त्या दोन पायांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सोबत १५० के चा रेझिस्टर. दहा-वीस रुपयांचा माल.

आणि स्ट्रॅटवाल्यांसाठी माझा सगळ्यात लाडका उद्योग. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये दोन टोन नॉब असतात, पण एक पुढच्या पिकअपचा आणि एक मधल्याचा, ब्रिजच्या पिकअपला टोनच नाही! ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच उपाशी. स्विचच्या ज्या बाजूला टोनच्या वायरी येतात तिथे ब्रिजचा पाय रिकामा असतो, त्याच्यापासून शेजारच्या मधल्याच्या पायापर्यंत अर्ध्या इंचाची वायर लावा, झालं. मी हे केलं त्या दिवसापासून ब्रिज पिकअप कानात सुईसारखा घुसायचा बंद झाला.

टेलीमध्ये लोक चार जागांचा स्विच लावतात, चौथ्या जागेला दोन्ही पिकअप एकामागोमाग, सिरीजमध्ये, म्हणजे गरिबाचा हमबकर. यात एक खड्डा आहे. टेलीच्या पुढच्या पिकअपला धातूचं झाकण असतं आणि ते पिकअपच्या ग्राउंडलाच जोडलेलं असतं. सिरीजमध्ये ते ग्राउंड ग्राउंड राहत नाही, म्हणजे झाकण अँटेना बनतं आणि हात लागला की बझ. आधी झाकणाची ती जोडणी तोडून वेगळी वायर ग्राउंडला न्यावी लागते. त्या ठिकाणी पिकअपची तार केसाएवढी असते हे विसरू नका, मी एकदा विसरलोय.

हमबकरला कॉईल स्प्लिट म्हणून जे देतात त्यात एक कॉईल बंद करतात, आवाज सिंगलसारखा होतो आणि हमही परत येतो. मला विचाराल तर त्यापेक्षा दोन्ही कॉईल एकामागोमाग न जोडता पॅरलल, म्हणजे समांतर जोडा, आवाज पातळ, चमकदार होतो आणि हम जातो तो जातोच. का कोण जाणे, दुकानात कुणी हे सुचवत नाही. आणि पिकअप बदलल्यावर दोन एकत्र लावले की आवाज एकदम पोकळ, सर्दी झाल्यासारखा येत असेल तर दोघं एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली जातो, एकाच्या दोन वायरी आपसात बदला. ब्लूज गिटारिस्ट पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा तो प्रसिद्ध आवाज असाच, एका पिकअपमधला चुंबक उलटा असल्यामुळे आला, त्यामुळे आवडला तर राहू द्या!

बरं, आता मूळ दुखणं. आवाज दोन जातीचे असतात आणि सगळा घोळ इथे होतो. एक तो खोल, जाड, ओंकारासारखा हम, तो चुंबकीय, तो सिंगल कॉईलच्या रक्तातच आहे. दुसरा म्हणजे बझ, चिरचिरा, माशी बाटलीत अडकल्यासारखा. तो चुंबकीय नसतो, तो विजेच्या क्षेत्राचा, आणि तो पकडणारी अँटेना बऱ्याचदा तुम्ही स्वतः असता. तुमचं शरीर घरातल्या वायरिंगचा बझ गोळा करतं आणि पोटाशी धरलेल्या गिटारला देतं. तारांना हात लावला की तो कमी होतो, कारण तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचं शरीरही ग्राउंड होतं.

मग ओळखायचं कसं. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, तरी आवाज येतोय? मग गिटारला सोडा, केबल, अँप किंवा घराची लाईट बघा. शून्यावर शांत आणि वाढवल्यावर येतोय? मग गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू गोल फिरा. एका कोनात आवाज जवळजवळ गायब होतो? चुंबकीय हम, पिकअपचा स्वभाव. फिरून काही फरक नाही पण तारांना हात लावला की कमी होतो? बझ, शिल्डिंगचा विषय, तो पुढे येतोय. तारांना हात लावूनही काहीच फरक नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की आवाज जातो? मग ब्रिजची ग्राउंड वायर सुटली आहे.

हे शेवटचं माझं. माझ्या स्ट्रॅट कॉपीला सतत बझ होता. एका रिपेअरवाल्याने सांगितलं पिकअप थर्ड क्लास आहेत, बदला. बदलले, चांगले पैसे घालवून. आवाज सुंदर झाला आणि बझ जसाच्या तसा. शेवटी एका रविवारी मीच मागचं प्लास्टिक काढलं, जिथे ट्रेमोलोच्या, म्हणजे हलणाऱ्या ब्रिजच्या, स्प्रिंगा असतात. स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात तिच्यावर एक काळी वायर सोल्डर केलेली असते, तीच तारांची ग्राउंड वायर. वरून बघितलं तर जोडलेली, चकचकीत गोळी. नखाने टोचलं तर टुणकन निघाली. सोल्डर पट्टीला धरलाच नव्हता, नुसता वर बसला होता, दव बसतं तसा. पट्टी जाड असते, उष्णता खाऊन टाकते, २५ वॅटचं छोटं सोल्डरिंग आयर्न तिथे हात टेकतं. मी पट्टी पॉलिश पेपरने घासली, शेजाऱ्याचं ६० वॅटचं आयर्न आणलं, पट्टीच आधी तापवली आणि मग सोल्डर लावला, तो पाण्यासारखा पसरला. गिटार लावली. शांत. पिकअपचे पैसे आठवून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

शिल्डिंग म्हणजे आतल्या पोकळीला आणि पिकगार्डच्या पाठीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडणं. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तांबं बझ थांबवतं, चुंबकीय हम थांबवत नाही. तांब्याच्या पत्र्यातून ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आरामात आरपार जातं. निम्मे लोक पट्टी लावून "काही फरक नाही पडला" म्हणतात ते चुकीच्या रोगावर औषध घेतल्यामुळे. लावताना प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चढवा आणि मल्टीमीटर बीपवर ठेवून टोकापासून टोकापर्यंत तपासा. आणि स्विचचे पाय पट्टीला टेकत नाहीत ना ते बघा. मी चार तास खपून सगळं सोन्याच्या देव्हाऱ्यासारखं चमकवलं, स्क्रू लावले, गिटार इतकी शांत की आवाजच येईना. स्विचचा पाय पट्टीला टेकून सगळा सिग्नल जमिनीत.

मल्टीमीटर काढलाच आहे तर अजून एक. गिटार न उघडता केबल लावा, मीटर २० के वर ठेवा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकाला आणि दांड्याला एकेक पिन लावा, व्हॉल्यूम फुल. स्ट्रॅटला साधारण साडेपाच-सहा के, हमबकरला सात-आठ के दिसायला हवं. आकडाच आला नाही तर कुठेतरी तुटलंय, शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे.

राहिली घरची लाईट. जुन्या इमारतींमध्ये थ्री पिन सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते, हे आपल्याकडे इतकं कॉमन आहे की विचारू नका. अर्थिंग नसेल तर गिटारची सगळी ग्राउंड वायरिंग हवेत लटकते, तुम्ही कितीही तांबं लावा. आणि हे नुसतं आवाजाचं नाही, जिवाचं आहे. गिटारच्या तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात, तुमचा हात तारांवर, ओठ माईकवर, आणि दोन्हीकडची अर्थिंग वेगळी किंवा नसलेली असेल तर ओठाला जो झटका बसतो तो एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याच्याकडून तपासून घ्या. हम घालवायला अँपची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या घरी परत जाऊ नका.

लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर वाजवताना बझ एकदम भडकतो, तो साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमुळे. लाईटची लाट गोल वळणाची असते, याची चौकोनी, आणि त्या धारदार कोपऱ्यांमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी ठासून भरलेल्या असतात. साईन वेव्हवाल्यावर हा त्रास नाही. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना बारीक किणकिण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर करून बघा.

आणि तो लाईटवाला. लाईट मंद करायचा डिमर काय करतो तर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो आणि मग एकदम करंट सोडतो, सेकंदाला शंभर वेळा. अर्ध्यावर ठेवला की तो बरोबर लाटेच्या माथ्यावर कापतो, व्होल्टेज तिथे सगळ्यात जास्त, म्हणजे झटका सगळ्यात मोठा, आणि तो झटका स्टेजभर पसरलेल्या वायरींमधून माझ्या बिचाऱ्या एकट्या कॉईलपर्यंत. गोल फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरही घरात हेच करतो, कपॅसिटरवाला टप्प्याटप्प्याचा लावला की त्रास संपतो.

यंदा मी त्या लाईटवाल्याला मांडवातच गाठला. म्हटलं दादा, माझं गाणं चालू असताना फुल नाहीतर बंद, मधलं काही नको, तुमच्या लाईटचा आवाज माझ्या गिटारमध्ये येतो. तो डिमरच्या खोक्यावर हात ठेवून दोन मिनिटं विचार करत होता. मग म्हणाला, "म्हणजे मागच्या वर्षी तो आवाज लाईटचा होता होय? मी म्हटलं गाणंच तसलं आहे."